आधी गड, मग कुंड

प्रश्न: आम्ही उदगीरचे. जानेवारीत उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचं चाललंय. सोबत सासूबाई, वय 68, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, अन् गुडघे लई दुखतात म्हणून तर त्यांना ते पाणी लागावं असं वाटतंय. दोन लेकरं, 6 अन् 11 वर्षांची. मिस्टर म्हणायलेत एका दिवसात जाऊन येऊ, मला मुक्काम करावा वाटतोय. अन् सासूबाईंचं म्हणणं, पहिले कुंडात अंघोळ आणि मगच माहूरला देवीचं दर्शन. कसं जमवावं?

उत्तर: मुक्कामच करा ताई, मिस्टरांना माझं नाव सांगा. उदगीरहून नांदेड, तिथून पुढं किनवट-माहूरचं सागवानाचं रान, एका दिवसात करायचं म्हणलं तर सगळा दिवस गाडीतच जाणार, अन् कुंडावर पोचणार भर दुपारी, तेव्हा गरम पाण्यात कोण उतरतंय. ह्या पाण्याची खरी मजा पहाटेला, बाहेर स्वेटर काढवत नाही अन् पाण्यातून वाफ निघायली असते.

आता सासूबाईंचा मुद्दा. अंघोळ करून दर्शन ही रीत बरोबरच आहे, पण ती अंघोळ लॉजवर बादलीभर पाण्यानं पण होते की. कुंडात बसलं की अंगातल्या शिरा सैल पडतात, बीपी उतरतं, माणूस निम्मा झोपेत जातो, अन् त्यानंतर रेणुकामातेच्या पायऱ्या चढवायच्या म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला चक्कर यायची पाळी. म्हणून उलटं करा. पहिल्या दिवशी हदगाव-उमरखेडवरून माहूर, निवांत दर्शन, जमलं तर दत्तशिखर, रात्री माहूरलाच मुक्काम, भक्तनिवास नाहीतर लॉज, आधी फोन करून खोली पक्की करा. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून उनकेश्वर. पायऱ्या चढून ठणकलेल्या गुडघ्यांना ते पाणी तेव्हाच खरं कामाला येतं. परत येताना किनवट-इस्लापूरवरून या, वाटेत पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. जानेवारीत पावसाळ्यासारखा दणका नसतो पण लेकरं खुश होतील, फक्त कडेच्या खडकावर सोडू नका. गाडी नसंल तर नंदीग्राम एक्स्प्रेस किनवटला थांबते, पुढं जीप-ऑटो बघावा लागतो, पण सासूबाई सोबत असताना मी तरी स्वतःचीच गाडी म्हणीन. पौष पौर्णिमा, महाशिवरात्र असले दिवस सोडूनच निघा, गर्दीत म्हाताऱ्या माणसाला कुंडाकाठी बसायला जागा मिळत नाही.

शुगरचं मात्र नीट ऐका, कारण पहाटेच्या गडबडीत हेच विसरतंय. सुई घेतल्या घेतल्या गरम पाण्यात बसलं की इन्सुलिन अंगात लवकर भिनतं अन् शुगर एकदम खाली येते, त्यात पोट रिकामं! काहीतरी खाल्ल्याशिवाय पाण्यात उतरवू नका, सोबत साखर किंवा गुळाचा खडा ठेवा, अन् सुईची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. शुगरवाल्यांच्या तळपायाला कधीकधी चटका कळतच नाही, म्हणून पाणी तुम्ही आधी कोपरानं बघा. त्यांना काठावर बसवून नुसते पाय गुडघ्यापर्यंत सोडले तरी पुरे आहे, दहा मिनिटं, मग बाहेर, मग पाणी प्यायचं. पायाला जखम, भेग काही असंल तर तेही नको. गुडघे काही तासांसाठी हलके होतात, झिजलेला सांधा काही भरून येत नाही, तेव्हा गोळ्या बंद करू नका.

लेकरं लवकर तापतात, धाकट्याला पाच मिनिटं बास. अन् दोघांनाही डोकं बुडवू देऊ नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. केरळात 2024 साली तळ्यात-नदीत अंघोळ केलेली काही लेकरं मेंदूच्या ज्या आजारानं गेली, तो आजार करणारा अमिबा कोमट-गरम गोड्या पाण्यातच राहतो अन् नाकावाटे आत जातो. असं क्वचितच होतं, पण नाक वर ठेवायला काय जातंय.

अन् हो, चांदीची जोडवी, पैंजण खोलीवरच काढून ठेवा. पाण्यात गंधक आहे, चांदी काळी पडते, मग म्हणायचं सोनारानं फसवलं. साबण-शाम्पू कुंडात नको. सोबत धपाटे अन् चटणी बांधून न्या, एवढ्या पहाटे हॉटेल उघडं सापडायचं नाही.

प्रश्न: आम्ही पाच मित्र, परभणी. कुंडाशेजारी टेंट टाकून रात्रभर पाण्यात बसायचा प्लॅन आहे, थोडी पार्टी पण. चालंल का?

उत्तर: नाही चालणार. देवस्थान आहे ते, एक. अन् दारू पिऊन गरम पाण्यात बसलेला माणूस बेशुद्ध पडून बुडतो, शेजारच्याला वाटतं झोपलाय. पार्टी घरी करा अन् कुंडावर दुसऱ्या दिवशी शुद्धीत जा.

प्रश्न: सर, आमच्या वर्गात वाद झाला. मराठवाड्यात ज्वालामुखी नाही, मग पाणी गरम कसं? (इयत्ता नववी, जालना)

उत्तर: वर्गात जो म्हणला असंल की जुन्या लाव्ह्याची ऊब अजून उरलीये, त्याचं चुकलं. आपला काळा दगड लाव्ह्याचाच, पण तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच गार झालाय. खरं असं की जमिनीत जितकं खोल जाल तितकं तापतं, दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश. पावसाचं पाणी भेगांतून मुरत मुरत खोल जातं, तिथं तापतं, अन् मोठी भेग सापडली की दाबानं वर येतं, मधे गार व्हायला वेळच मिळत नाही. येताना खडकातले क्षार अन् गंधक घेऊन येतं, म्हणून तो सडक्या अंड्यासारखा वास. उनकेश्वरला लोक शरभंग ऋषी अन् रामाच्या बाणाची गोष्ट सांगतात, तीही ऐकून घ्या, फक्त पेपरात भेगाच लिहा.