पोलिसच सोर्स असताना पोलिसांच्या मारहाणीची बातमी कशी काढतात?

तुम्ही विचारलंय की क्राइम रिपोर्टरला रोजच्या बातम्या पोलिसच देतात, मग मुंबईसारख्या धर्मावरून वाटल्या गेलेल्या शहरात पोलिसांनीच कोणाला मारलं तर तो ते शोधून काढणार कसं? बारा वर्षं ही बीट केली, तेवढ्यावरून सांगतो. बहुतेक वेळा तो शोधतच नाही. सकाळी फोन फिरवायचे, ‘साहेब, काय विशेष?’ विचारायचं, मिळेल ते लिहायचं. ज्याच्या ताटात रोज जेवायचं त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत, हे बीटवर कोणी शिकवावं लागत नाही.

शोधायचंच ठरवलं, तर आधी वेळा बघायच्या. पोलिसांच्या बोलण्यात ‘अटक केली’ आणि ‘अटक दाखवली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. म्हणून घड्याळच उशिरा सुरू करतात. पोरगा रात्री उचलायचा, ‘चौकशीला आणलंय’ म्हणायचं, अटक दाखवायची दुसऱ्या दिवशी. मधले तास कुठल्याच वहीत नसतात. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये नातेवाइकांना कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी वगैरे सक्तीचं केलं. पण तेही दाखवलेल्या अटकेपासूनच मोजतात.

एक प्रकरण सांगतो. पोलीस ठाणं कुठलं ते राहू द्या. एक बाई ऑफिसच्या खाली पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत मुलाच्या चपला. म्हणाली, दवाखान्यात नेल्या होत्या, पण पायात जाईनात. मी वॉर्डात गेलो. तळवे सुजून काळेनिळे, बोटं दोऱ्यानं आवळल्यासारखी दिसत होती. पट्ट्याचं काम. आमच्याकडे त्या पट्ट्याला ‘बाजीराव’ म्हणतात, आणि ठाण्यात हा शब्द लोक हसत हसत उच्चारतात. पोलिसांचं म्हणणं, पळताना गच्चीवरून पडला. गच्चीवरून पडलेल्या माणसाच्या गुडघ्याला, कोपराला साधं खरचटलेलंही नव्हतं.

पण हे माझं बघणं झालं. छापायला कागद लागतो. तो दवाखान्यातच मिळाला: कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर पहाटे ४.१० ची वेळ, सोबत आणणाऱ्या शिपायाचा बक्कल नंबर. रिमांडच्या अर्जात अटक सकाळी ९.३० ची. म्हणजे अटकेच्या पाच तास आधी पोलिसच त्याला दवाखान्यात घेऊन आले होते. दोन्ही कागद सरकारी, दोन्ही शिक्क्याचे. खबऱ्या, स्टिंग, छुपा कॅमेरा, काही लागलं नाही.

पोलिसांची कहाणी कागदांशी ताडून बघायची ही सवय मला १९९३ च्या मुंबई दंगलीची प्रकरणं वाचून लागली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ अशा दोन्ही दंगलींतल्या मृत्यूंची कारणवार मोजदाद आहे. एकूण ९००, त्यातले ३५६ पोलिसांच्या गोळीबारात. भोसकून मारलेले ३४७. म्हणजे चाकूपेक्षा बंदुकीचा आकडा थोडा मोठाच. ९ जानेवारी १९९३ ला मोहम्मद अली रोडवरच्या सुलेमान उस्मान बेकरीत पोलीस शिरले आणि त्यांच्या गोळीबारात माणसं मेली, तेव्हा सांगितलं गेलं की गच्चीवरून अतिरेकी गोळ्या झाडत होते. आयोगानं साधेच प्रश्न विचारले: मग पोलिसांना गोळ्यांच्या जखमा किती? आधुनिक शस्त्रं सापडली किती? पोलिसांच्या कहाणीवर आयोगाचा विश्वास बसला नाही. पुढचंही सांगायला हवं. २००१ मध्ये १८ पोलिसांवर गुन्हा दाखल झाला, त्यातल्या नऊ जणांना, कारवाईचं नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्यासह, २००३ मध्ये सत्र न्यायालयानं आरोपमुक्त केलं आणि ते सुप्रीम कोर्टापर्यंत टिकलं. आयोगाच्या निष्कर्षावर कोणाला शिक्षा होत नाही, हे बातमीदारानं आधीच समजून घ्यावं.

आता शहर वाटलेलं असण्याबद्दल. जोगेश्वरीत, बेहरामपाड्यात लोक अजून एखाद्या गल्लीला सहज ‘बॉर्डर’ म्हणतात. एका बाजूला राधाबाई चाळ, जोगेश्वरीत १९९३ मध्ये हिंदू रहिवासी जाळले गेले ती, विसरलेली नाही, दुसऱ्या बाजूला बेकरी विसरलेली नाही, आणि दोन्हीकडे तुम्ही दारात उभे राहिलात की पहिला प्रश्न आडनावाचा. माझं आडनाव ठाण्यात चालायचं. ‘आपलेच आहात, बसा, चहा घ्या.’ तेच आडनाव ऐकून मोहल्ल्यात दार अर्धंच उघडायचं. त्या बाईनंही मला केसपेपर तिसऱ्या भेटीत दिला.

बातमी तयार झाल्यावर डेस्कवर वाद झाला तो मारहाणीवरून नाही, नावावरून. मुलाचं नाव छापलं की वाचणारे अर्धे लोक पहिल्या ओळीतच निकाल देऊन मोकळे होतील, असं आमच्या वृत्तसंपादकांचं म्हणणं. मला वाटत होतं, नाव लपवणं म्हणजे त्यालाच आरोपी समजणं. शेवटी नाव गाळून छापलं, पाचव्या पानावर, दोन कॉलम. त्यानंतर चार महिने त्या झोनमधून माझे फोन कोणी उचलले नाहीत. सोनसाखळी चोरांची मोठी टोळी पकडली, ती बातमी बाकी सगळ्या पेपरांत आली, आमच्याकडे नाही. संपादकांनी विचारलं, तू करतोस काय?

छापून आलं त्या सकाळी तीन फोन आले होते. एक वाचकाचा, एक ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराचा, एक मोहल्ल्यातल्या कार्यकर्त्याचा. तिघांनीही केसपेपरबद्दल, त्या पाच तासांबद्दल एक शब्द काढला नाही. तिघांचा प्रश्न एकच: पोरगा कोणाचा?