भिंतीआड लागलेली गोळी

प्रश्न: नेमबाजीच्या ऑनलाइन गेममध्ये मी भिंतीआड पोचल्यावर मरतो. माझा पिंग जेमतेम 40 असतो. समोरचा चीटिंग करतोय का?

उत्तर: बहुधा नाही. हिशेबात तुमच्याबरोबर त्याचाही पिंग (संदेश सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारी मिलिसेकंदं) येतो. समजा, त्याचा 120 आहे. सर्व्हरकडून निघालेली तुमची जागा त्याच्यापर्यंत पोचायला 60 मिलिसेकंद लागतात. शिवाय हालचाल सलग दिसावी म्हणून त्याचा गेम बाकीचे खेळाडू मुद्दाम थोडे उशिराचे दाखवतो. व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स या गेम इंजिनमध्ये मूळ सेटिंगनुसार हा उशीर 100 मिलिसेकंदांचा असतो. त्याने ट्रिगर दाबल्याची खबर सर्व्हरपर्यंत जायला आणखी 60. म्हणून निकाल लावताना सर्व्हर 220 मिलिसेकंद मागे जातो, त्याच्या पडद्यावर तुम्ही जिथे दिसत होता तिथे तुम्हाला पुन्हा उभं करतो आणि मग गोळी लागली का ते तपासतो. याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात. तुमच्या बाजूचे जाता-येता 20-20 धरले की झाले 260. सेकंदाला 5 मीटर वेगाने पळणारा तेवढ्यात 1.3 मीटर पुढे गेलेला असतो.

हे अन्यायाचं वाटलं तरी दुसरा पर्याय जास्त त्रासाचा आहे. 1996 च्या क्वेकवर्ल्ड या नेमबाजीच्या गेममध्ये स्वतःची हालचाल लगेच दिसायची, पण पळत्याला टिपायचं तर आपल्या पिंगच्या अंदाजाने त्याच्या पुढे नेम धरावा लागे. आमच्या मते मागे जाणं हवंच, फक्त त्याला मर्यादा हवी. सोर्सची मूळ मर्यादा 1 सेकंदाची आहे. ती फारच सढळ. 200-250 मिलिसेकंदांपलीकडचा भार ज्याचा पिंग वाईट त्यानेच सोसावा.

प्रश्न: इंटरनेट 100 एमबीपीएसचं आहे, तरी गेम मधूनच अडखळतो. प्लॅन वाढवू का?

उत्तर: नको. सेकंदाला 200 बाइटांची 60 पॅकेट म्हणजे जेमतेम 96 केबीपीएस. गेमला वेगापेक्षा नियमितपणा लागतो. आधी घरातल्या राउटरलाच 100 वेळा पिंग करा. तिथेच आकडा मधूनमधून 50-100 वर उडत असेल तर दोष वायफायचा, केबल लावा. तो स्थिर असेल, तर बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग चालू ठेवून मोठी फाइल अपलोड करा. 35 चा पिंग 200 झाला, तर पॅकेट राउटरच्या रांगेत तुंबताहेत. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर ते चालू करा आणि मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85-90 टक्के ठेवा. थोडा वेग जाईल, पण धक्के थांबतील.

प्रश्न: ब्राउझरसाठी वेबसॉकेटवर (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं कनेक्शन) गेम लिहिला आहे. प्रत्येक खेळाडू दर फ्रेमला आपली जागा पाठवतो, सर्व्हर ती सगळ्यांना देतो. चौघांत छान चालतो, तिसांत कोलमडतो.

उत्तर: 30 खेळाडू गुणिले 60 फ्रेम म्हणजे सेकंदाला 1,800 संदेश आत येतात आणि प्रत्येक 29 जणांना गेला की 52,200 बाहेर पडतात. सर्व्हरला स्वतःचा ठेका द्या: सेकंदाला 20 टिक (हिशेबाचे ठोके), दर टिकला प्रत्येकाला सगळ्यांची स्थिती सांगणारा एकच संदेश. बाहेर जाणारे संदेश 600 वर येतील.

जागा पाठवणं मात्र बंदच करा; कोणीही खोटी जागा पाठवू शकतो. दाबलेली बटणं पाठवा, प्रत्येक इनपुटला क्रमांक द्या आणि जागा सर्व्हरला ठरवू द्या. स्वतःचा खेळाडू उत्तराची वाट न पाहता लगेच हलवा. सर्व्हरने शेवटचा हाताळलेला क्रमांक कळवला की त्याची जागा प्रमाण माना आणि त्यापुढची इनपुट तिच्यावर पुन्हा चालवा. ही पुन्हा चालवण्याची पायरी गाळली की खेळाडू सारखा मागे ओढला जातो. इतरांना दोन टिक, म्हणजे 100 मिलिसेकंद, उशिराने दाखवा.

वेबसॉकेट टीसीपीवर, म्हणजे सगळं क्रमानेच पोचवणाऱ्या पद्धतीवर चालतं, त्यामुळे एक पॅकेट हरवलं की मागची सगळी ते पुन्हा येईपर्यंत खोळंबतात. सर्व्हरवर नेगल (छोटे संदेश साठवून एकत्र पाठवण्याची टीसीपीची सोय) बंद आहे ना, ते पाहा. एखाद्याची पाठवणीची रांग साचली असेल तर जुनी स्थिती टाकून देऊन फक्त ताजी पाठवा. एवढ्यानेही भागलं नाही, तर वेबआरटीसीचा (ब्राउझरमधली थेट संवादाची सोय) डेटा चॅनेल घ्या: क्रमाची सक्ती बंद, पुनर्प्रेषण शून्य. आणि हो, टॅब मागे गेला की ब्राउझर फ्रेम देणं थांबवतो. परतल्यावर साचलेली स्थिती एकेक करून चालवू नका, थेट शेवटची घ्या.

प्रश्न: युद्धनीतीच्या गेममध्ये हजारो सैनिकांच्या जागा कशा पाठवतात?

उत्तर: जुन्या पद्धतीत पाठवतच नाहीत. 1997 च्या एज ऑफ एम्पायर्समध्ये फक्त आज्ञा जात आणि त्या दोन टर्ननंतर (टर्न म्हणजे खेळाच्या वेळेचा छोटा तुकडा) सगळ्यांकडे एकदम अमलात येत. सैन्य प्रत्येक संगणक स्वतःच चालवी. यासाठी सर्वांचं गणित तंतोतंत जुळावं लागतं. रँडमचा सीड (यादृच्छिक आकडे ज्यावरून काढतात तो सुरुवातीचा आकडा) वेगळा पडला किंवा दशांशातला शेवटचा अंक फिरला, की काही मिनिटांत दोघांपुढे दोन वेगळी युद्धं उभी राहतात. म्हणून ठराविक टर्ननंतर पूर्ण स्थितीचा चेकसम (तिच्यावरून काढलेला पडताळ्याचा छोटा आकडा) ताडून पाहतात. जुळला नाही तर सामना तिथेच थांबवावा लागतो.