गोळी सोडायचीये, पण अशी एकदम नाही

"ताई, बाबा गेले तेव्हा छाती धडधडायची, झोप नाही, म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिली, ०.५ ची, रात्री एक, पंधरा दिवस. आता १४ महिने झाले. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नाही. नवरा म्हणाला व्यसन लागलंय तुला, म्हणून स्ट्रिप कचऱ्यात टाकली. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, सकाळी चहाचा कप बशीवर वाजायला लागला इतके हात थरथरत होते. तिसऱ्या रात्री परत घेतली. मी व्यसनी झाले का?"

अगं, परत घेतलीस ते बरं केलंस, लाज कसली त्यात. तू नशेसाठी घेत नव्हतीस, डोसही वाढवला नाहीस, पण शरीराला सवय लागलीये आणि ती कुणालाही लागते, काही आठवड्यांतसुद्धा. ही गोळी मेंदूला ब्रेक लावते, रोज बाहेरून ब्रेक मिळाला की मेंदू स्वतःचा ढिला सोडतो, मग गोळी अचानक काढली की सगळं दुप्पट उसळून येतं, थरथर, घाम, जागरण, काहींना तर फिट येते. म्हणून एकदम बंद करायची नाही, आणि अर्धी-पाव पण आपल्या मनाने करायची नाही.

सायकियाट्रिस्टकडे जा आणि १४ महिने हा आकडा खरा सांग, कमी करून सांगू नकोस, कारण डोस किती हळू उतरवायचा ते त्यावरही ठरतं. कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. कदाचित घबराटीवर दुसरी गोळी सुरू करतील, तिचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात, आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नकोस.

तोवर दारूचा थेंब नको, झोप आणणारं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, यांनी मिळून श्वास मंदावू शकतो. सकाळी गुंगी असेल तर स्कूटीला हात लावू नकोस.

आणि त्या मेडिकलवाल्याचं मला खरंच वाईट वाटलं. हे औषध शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीतलं, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, पेशंटचं न् डॉक्टरांचं नाव रजिस्टरला लिहून ते ३ वर्षं ठेवायचं असतं. ओळखीपोटी त्याने तुझं नुकसानच केलं.

नवऱ्याला हे वाचायला दे, बरोबर घेऊन जा त्यांना, स्ट्रिपही ने. अपॉइंटमेंट लांबची मिळाली आणि रात्री घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीतून बोलतात. फिट आली किंवा भलतंच दिसायला लागलं तर मात्र फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.