राजीनामा द्या, पण पीएफला हात लावू नका

प्रश्न: नाशिकला एका खासगी कंपनीत आठ वर्षं अकाउंट्सला आहे. मोठा पाच वर्षांचा, धाकटी आठ महिन्यांची. आता घरी राहून मुलांचं करावं असं मनापासून वाटतं. मिस्टरांची ना नाही. पीएफ काढून होमलोनमध्ये भरायचा विचार आहे. आई मात्र म्हणते, "एवढं शिकवलं ते चूल सांभाळायला का?"

उत्तर: ताई, मुलांसाठी घरी राहावंसं वाटतंय तर खुशाल राहा, शिक्षण कुठे वाया जात नाही. घरकामाला मोल आहे. अपघाताची भरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाचंही उत्पन्न धरायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये ठामपणे सांगितलं. पण ते उत्पन्न तुमच्या पासबुकात जमा होत नाही. आईंची भीती तीच असणार, आणि ती खोटी नाही.

म्हणून आधी पीएफचं बोलू. पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे साठत असतात. त्या पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते, तुमची आठ झाली. पेन्शनचे पैसे काढलेत की ही आठ वर्षं गेली. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी धरलेल्या वर्षांचा पीएफ कार्यालयाचा दाखला, घ्या. पुढे पीएफ असलेली नोकरी धरलीत की मागची वर्षं जोडून मिळतात. आणि लोन फेडायचंच असेल, तर घराच्या करारनाम्यावर तुमचं नाव आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसेल, तर तुमच्या कष्टाचा एकही रुपया त्यात घालू नका.

मिस्टरांची ना नाही, एवढ्यावर भागत नाही. पगार झाला की ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात आली पाहिजे, भाजी-दुधाच्या खर्चाहून वेगळी. त्यातून स्वतःच्या नावे पीपीएफ, म्हणजे सरकारी बचत योजनेचं खातं, उघडा. वर्षाला किमान 500 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत 15 वर्षं. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, तेव्हा मुलं मिस्टरांच्या पॉलिसीत आली का ते राजीनाम्याआधीच बघा.

तुमच्या क्षेत्रात नियम सारखे बदलतात. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दरच बदलले, बहुतेक वस्तू 5 नाहीतर 18 टक्क्यांत आल्या. ओळखीच्या सीएंकडून एक-दोन दुकानांची जीएसटी रिटर्न्स भरायचं काम घरी मागून घ्या. पैसे थोडे मिळतील, पण हात चालू राहील.

निघताना अनुभवाचं पत्र आणि रिलीव्हिंग लेटर हातात घेऊनच बाहेर पडा. चार वर्षांनी मागायला गेलात, तर तुम्हाला ओळखणारं तिथे कोणी असेलच असं नाही.