ग्रासहॉपरचं (राइनो या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये कंपोनंट वायरींनी जोडून डिझाइन करायचं साधन) बेसिक येतं, ट्युटोरियल बघून जमतं, पण स्वतःचं डिझाइन करायला घेतलं की अडतं. पुढचं कसं शिकायचं आणि ज्युनिअर्सना काय शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: आर्किटेक्चरचं चौथं वर्ष, पुण्यातच एक बेसिक क्लास झालेला, ट्युटोरियल लावून बसलं की सगळं जमतं, आणि स्टुडिओच्या प्रोजेक्टला हात घातला की थोड्याच वेळात वायरींचा गुंता. त्यात ज्युनिअर्सचं वर्कशॉप गळ्यात पडलंय. आणि शेवटी विचारलंय, आता कोणते प्लगइन शिकू?

प्लगइनचं आधी निकालात काढू. सध्या एकही नको. कांगारू (ताण-बलांचं सिम्युलेशन) आणि गॅलापागोस (आकडे आपोआप बदलून चांगला पर्याय शोधणारं) ग्रासहॉपरसोबत येतातच, लेडीबग (ऊन-हवामानाचा हिशोब करणारं) पुढे एका कामाला लागेल, तेवढं पुष्कळ झालं. ढीगभर प्लगइन उतरवून ठेवले की फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडताना अर्धे कंपोनंट गायब होतात, आणि हे नेमकं ज्युरीच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या परीक्षणाच्या, आदल्या रात्री कळतं. मी फसाडच्या, म्हणजे इमारतीच्या दर्शनी भिंतींच्या, कामात आहे, अधूनमधून शिकवायलाही जातो. दोन्हीकडे माणसं अडतात ती एकाच ठिकाणी, डेटा ट्रीपाशी, म्हणजे फांद्याफांद्यांत विभागलेल्या याद्यांपाशी. ज्याला ट्री कळली तो बाकीचं स्वतःचं स्वतः शिकतो. ज्याला कळली नाही तो अडलं की फ्लॅटन मारतो (सगळ्या फांद्यांची एकच यादी), तरी अडलं की ग्राफ्ट मारतो (प्रत्येक वस्तूची वेगळी फांदी), आणि मग यूट्यूबवर जातो.

ट्री शिकायला आणि शिकवायला माझ्या मते ठिपक्यांच्या रांगोळीइतकं चांगलं उदाहरण नाही. '१५ ते ८' घ्या. मधल्या ओळीत १५ ठिपके, तिथून वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, शेवटच्या ओळीत ८. ओळी १५, ठिपके १६९. घरात कुणी ना कुणी ही काढलेली असते, त्यामुळे उत्तर कसं दिसायला हवं हे वर्गात सगळ्यांना आधीच माहीत असतं. शिकवताना ही मोठी सोय आहे. ट्युटोरियलमधल्या वळणदार टॉवरचं काही चुकलं तर चुकलंय हेच कळत नाही.

हे ग्रासहॉपरमध्ये असं बसतं. ओळ क्रमांक ० ते १४. त्यातून ७ वजा करून ॲब्सोल्यूट घ्या, म्हणजे उणे चिन्ह काढून टाका. ते १५ मधून वजा केलं की त्या ओळीतले ठिपके मिळतात: ८, ९, १० करत १५ आणि परत उतरत ८. त्याच ॲब्सोल्यूटचं निम्मं केलं की ओळ किती आत सरकून सुरू होते ते मिळतं. पहिल्या ओळीला ३.५, मधल्या ओळीला शून्य. हे दोन आकडे सिरीज या कंपोनंटच्या (ठरावीक अंतराने आकड्यांची यादी करणारा) काउंटला आणि स्टार्टला जोडा, स्टेप १. सिरीज १५ वेळा चालते, दर वेळी एक आख्खी यादी देते, म्हणून बाहेर १५ फांद्या पडतात. हे झाले एक्स. वायसाठी ओळ क्रमांकाला ०.८६६ ने गुणा. म्हणजे ३ चं वर्गमूळ भागिले २, समभुज त्रिकोणाची उंची. तो गुणाकार केला नाही तर रांगोळी उभी ताणलेली दिसते.

आता दोन्ही कन्स्ट्रक्ट पॉइंटला (एक्स-वायवरून बिंदू करणारा कंपोनंट) जोडा. रांगोळी येणार नाही. तिरप्या जाऊन पुढे सरळ उभ्या होणाऱ्या रेषा दिसतील, आणि पॉइंट मोजले तर २२५ निघतील.

इथे थांबायचं. ग्राफ्ट कुठे करायचं ते कुणालाही लगेच सांगू नका. एक्सच्या १५ फांद्या आहेत, वायची एकच फांदी आहे आणि तिच्यात १५ आकडे आहेत. जोडीला दुसरी फांदी नसल्यामुळे एक्सच्या प्रत्येक फांदीच्या वाट्याला वायची तीच फांदी येते. पहिल्या ओळीत ८ एक्स आणि समोर १५ वाय. आठ जोड्या लागल्या की उरलेल्या सात वायसाठी शेवटचाच एक्स पुन्हा पुन्हा वापरला जातो, म्हणून रेषा पुढे उभी होते. प्रत्येक फांदीत १५ पॉइंट, पंधरा पंधरे २२५. वाय ग्राफ्ट केला की त्याच्याही १५ फांद्या होतात, प्रत्येकीत एक आकडा. मग ओळीतल्या सगळ्या ठिपक्यांना एकच वाय मिळतो आणि १६९ जागच्या जागी बसतात.

या सगळ्या घोळात एकही कंपोनंट लाल (चूक) झाला नाही, केशरीही (इशारा) नाही. ग्रासहॉपरच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. म्हणून वायरींकडे बघायची सवय लावून घ्या. डिस्प्ले मेन्यूत फॅन्सी वायर्स चालू ठेवा: साधी एकेरी वायर म्हणजे एक वस्तू, दुहेरी म्हणजे यादी, दुहेरी तुटक म्हणजे ट्री. शंका आली की पॅरॅम व्ह्यूअर लावा, तो फांद्या आणि त्यांतल्या वस्तूंची संख्या दाखवतो. फांद्या जुळतात त्या क्रमाने, पाथवरच्या आकड्यांवरून नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

वर्कशॉपमध्ये मी एक नियम पाळतो, तुम्हीही पाळून बघा. सोल्व्हर (ग्रासहॉपरचा हिशोब करणारा भाग) बंद करायचा, वायरी जोडायच्या, आणि चालू करण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: बाहेर किती फांद्या येतील, प्रत्येकीत किती वस्तू. मग सोल्व्हर चालू. पहिला तास पोरं वैतागतात. 'सर, जोडूनच बघू ना,' असं कुणीतरी म्हणतंच. जोडून बघणं सोपं आहे आणि म्हणूनच त्यातून फारसं काही शिकलं जात नाही. बरोबर आलं तर का आलं ते कळत नाही. वहीतला आकडा आणि पॅनेलमधला (उत्तर दाखवणाऱ्या चौकटीतला) आकडा जुळेनासा झाला की माणूस खरा विचार करायला लागतो.

पुढची पायरी, याच ठिपक्यांची जाळी करा. प्रत्येक ठिपक्याभोवती षटकोन काढा, शेजारच्याला चिकटेल असा. हे तसंच लेझर कटिंगला पाठवलं तर जाळी मिळणार नाही, षटकोनी तुकड्यांची रास हातात येईल. कारण दोन षटकोनांची बाजू एकच आहे आणि मशीन ती कापतं, तीही दोनदा. प्रत्येक षटकोन आत ऑफसेट करायला हवा, आणि मध्ये उरणारी पट्टी निदान पत्र्याच्या जाडीइतकी तरी हवी. भोसरीत किंवा नऱ्ह्यात कुठल्याही कटिंगवाल्याकडे डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) घेऊन जा, तो पॅरामेट्रिक वगैरे काही विचारत नाही. विचारतो ते: एकावर एक लाइनी काढल्या का? आकार बंद आहेत का? ८ बाय ४ च्या शीटमध्ये बसतंय का? बेक केल्यावर (ग्रासहॉपरमधून राइनोत उतरवल्यावर) राइनोत सेलडप ही एकावर एक आलेल्या वस्तू निवडणारी कमांड चालवा, उघडे कर्व्ह निवडून बघा, मगच पाठवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कॉलेजात ते कुणी शिकवत नाही.

मग ती जाळी 'सूर्याला प्रतिसाद' देणारी करायची हौस प्रत्येकाला येते. इथे जरा जास्त लिहितो, कारण सबमिशनमध्ये सर्वांत जास्त थापा इथेच मारल्या जातात.

सपाट पश्चिमेची भिंत, तिच्यावर खालून वर हळूहळू लहान होत जाणारी भोकं, आणि बोर्डवर लिहिलेलं 'सोलर रिस्पॉन्सिव्ह फसाड'. सपाट भिंतीवर प्रत्येक बिंदूची दिशा एकच असते. सूर्यकिरण सगळीकडे एकाच कोनात पडतात. म्हणजे भिंत मोकळी असेल तर सगळी भोकं एकाच मापाची यायला हवीत! फरक पडतो तो आडोशामुळे: समोरची सोसायटी, वरचा छज्जा, कंपाउंडमधला गुलमोहर. कोथरूडला किंवा कर्वेनगरला समोरची बिल्डिंग इतकी जवळ असते की तुमच्या भिंतीचा खालचा भाग दुपारी लवकर सावलीत जातो आणि वरचा भाग तापत राहतो. ही सावली मोजली तरच भोकांचं माप बदलायला कारण मिळतं. ज्युरीत एखाद्याने हे विचारलं तर उत्तर तयार हवं.

मोजायचं कसं? पुण्याची ईपीडब्ल्यू हवामान फाइल मोफत मिळते, ती लेडीबगला द्या. एप्रिल-मेच्या दुपारी २ ते ६ चे सूर्यवेक्टर घ्या. हे वेक्टर सूर्याकडून जमिनीकडे येतात, त्यामुळे ठिपक्यावरून सूर्याकडे किरण टाकायचा असेल तर रिव्हर्स करावे लागतात. आता १६९ ठिपके आणि समजा २० वेक्टर, प्रत्येक ठिपक्याला प्रत्येक वेक्टर हवा. ठिपके ग्राफ्ट, वेक्टर एकाच फांदीत. रांगोळीत जी जुळणी आपल्या मुळावर आली होती तीच इथे हवी आहे. १६९ फांद्या, प्रत्येकीत २० किरण. समोरच्या इमारतीच्या मेशला (त्रिकोण-चौकोनांच्या जाळीने केलेल्या मॉडेलला) जे आपटले ते सावलीचे. प्रत्येक फांदीत मोकळे किती राहिले ते मोजा, तो आकडा रीमॅप करून (हव्या त्या मर्यादेत बसवून) ऑफसेटला द्या. लेडीबगचा डायरेक्ट सन अवर्स हे एका कंपोनंटमध्ये करून देतो. पण एकदा हाताने करा, मग तो कंपोनंट वापरा.

सूर्य बरोबर लागलाय का, हे तपासायला पुणेकरांकडे एक फुकटची कसोटी आहे: शून्य सावली दिवस. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश. १३ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. लेडीबगमध्ये ती तारीख आणि १२.५ वेळ टाका, उभ्या काठीची सावली नाहीशी व्हायला हवी. १२ टाकलेत तर सावली थोडी पश्चिमेला दिसेल, कारण घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं आणि आपण तिच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला. २१ जूनला तर भर दुपारी सूर्य थोडा उत्तरेला असतो. परदेशी ट्युटोरियल बघून 'सूर्य नेहमी दक्षिणेला' हे डोक्यात बसलेल्यांना हे पटवायला लागतं. २१ डिसेंबरला मात्र दुपारी तो जेमतेम ४८ अंशांवर असतो.

वक्र पृष्ठभागावर गेलात की दोन गोष्टी वाढतात. सर्फेस रीपॅरामीटराइज (त्याची मोजपट्टी ० ते १ अशी) करायला विसरू नका, नाहीतर ० ते १ चे आकडे देऊन सगळे पॅनेल एका कोपऱ्यात गोळा होतात. आणि दोन्ही दिशांनी वळलेल्या पृष्ठभागावर चौकोनी पॅनेलचे चार कोपरे सहसा एका प्रतलात येत नाहीत. त्रिकोणाचे तीन येतातच. काच किंवा एसीपीचा (ॲल्युमिनियमच्या पॅनेलचा) माणूस हे पहिल्या मीटिंगमध्ये विचारेल.

कोडिंग लागतंच का? काही काळ नाही लागत. पण आधीच्या पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत घालायची वेळ आली की वायरींनी जीव जातो, तिथे पायथनच्या दहा ओळी बऱ्या. राइनो ८ मध्ये पायथन ३ चा कंपोनंट आहे. त्यात इनपुटवर राइट क्लिक करून आयटम, लिस्ट की ट्री ॲक्सेस ते ठरवायला लागतं. लिस्ट हवी असताना आयटमवर राहिलं तर स्क्रिप्ट प्रत्येक आकड्यासाठी वेगळी चालते आणि बेरीज केलीत तर बेरीज होतच नाही. म्हणजे इथेही मुद्दा ट्रीचाच आहे.

डायनॅमोचंही विचारलंयत. नोकरी बीआयएमच्या (इमारतीचं माहितीसकट थ्री-डी मॉडेल करणाऱ्या) ऑफिसात करायची असेल तर जरूर शिका, ते ग्रासहॉपरसारखंच साधन आहे आणि रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरसोबत येतं. तिथे ट्रीऐवजी याद्यांत याद्या असतात, आणि त्या जुळवायला लेसिंग आणि लेव्हल. रांगोळीचा व्यायाम तिथे परत करा, दोन-तीन संध्याकाळी पुरतील.

क्लासबद्दल: नाव सांगणार नाही, पण प्रवेश घेण्याआधी एवढं विचारा की शेवटच्या आठवड्यात मुलं स्वतःचा प्रश्न घेऊन येतात की सरांनी दिलेली फाइल पुरी करतात. फाइल पुरी करायची असेल तर ते घरबसल्या फुकट होतं. राइनो बनवणाऱ्या मॅकनीलच्या साइटवर रजा ईसा यांच्या दोन मोफत पुस्तिका आहेत, एक गणितावर आणि एक डेटा स्ट्रक्चरवर. वेक्टर कच्चे असतील तर आधी पहिली वाचा. ग्रासहॉपर राइनो ६ पासून, म्हणजे २०१८ पासून, राइनोतच येतं आणि राइनोची चाचणी आवृत्ती ९० दिवस पूर्ण चालते. त्यामुळे वर्कशॉपला येणाऱ्यांना क्रॅक कॉपी वाटू नका, तशी गरजच नाही.

वर्कशॉप दोन दिवसांचं असेल तर पहिला आख्खा दिवस रांगोळीत गेला तरी जाऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना मुद्दाम बिघडवलेली डेफिनिशन (ग्रासहॉपरची फाइल) द्या, एक ग्राफ्ट काढून टाकलेली, एक यादी उलटी केलेली, आणि शोधायला लावा. दुपारी जाळी, आणि जमलं तर माउंट बोर्डमध्ये कापून आणा. कुणीतरी गॅलापागोस कधी शिकवणार म्हणून विचारेलच. त्याला सांगा, आधी स्लायडर हाताने हलवून आकडा वाढतो की कमी होतो आणि का, ते मला लिहून दाखव, मग लावू.