टॉर्पेडो फॅक्टरीत स्टुडिओ घेतलास, तर

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरातल्या या इमारतीचं बांधकाम १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. इथे पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, बनायचे. १९७४ पासून कलावंत काम करतात. लोक इथे काम होताना बघायलाच येतात, म्हणून दार लावून बसू नकोस. अर्धवट चित्र झाकू नकोस. कुणी "हे कसं केलंत?" विचारलं की ब्रश खाली ठेव आणि नीट सांग, विक्री बहुतेकदा अशा गप्पांतूनच होते. किंमत मात्र लिहून लाव, विचारायला लोक संकोचतात. एकाग्रतेचं काम गर्दी नसताना उरक. शेजारच्या कुंभारकाम, छापचित्रं करणाऱ्यांशी ओळख वाढव. भट्टी, शाई यांबद्दल ते भरभरून सांगतात, मला तर हेच इथलं खरं वैभव वाटतं. आणि टर्पेंटाइनचं झाकण लगेच लावत जा, वास शेजारी जातो.