पूर्णेच्या पात्रातील पक्षी आणि कच्छचा किनारा

प्रश्न : आमचे गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात आहे. गेल्या जानेवारीत नातेवाइकांकडे कच्छला गेलो असता मांडवीला रुक्मावती नदीच्या मुखाशी, जिथे लाकडी जहाजे बांधतात, तिथे ओहोटीच्या चिखलात लांब लाल पायांचे शेकाटे आणि गळ्यात पट्टा असलेले चिमुकले पक्षी पाहिले. हेच पक्षी हिवाळ्यात आमच्या नदीतही असतात. वाळवंटी मुलखातील खाऱ्या किनाऱ्यावरचा पक्षी आणि आमचा पक्षी एकच कसा? शिवाय एप्रिलमध्ये आमच्या रेतीत चार ठिपकेदार अंडी दिसली, ती कोणाची असावीत?

उत्तर : शेकाट्या दोन्हीकडे एकच. चिमुकल्या पक्ष्याबाबत मात्र घाई करू नये. पूर्णेत दिसतो तो बहुधा छोटा कंठेरी चिखल्या; त्याच्या डोळ्याभोवती पिवळे कडे असते आणि छातीवरचा पट्टा सलग जातो. कच्छच्या किनाऱ्यावर जवळपास त्याच आकाराचा केंटिश चिखल्या मोठ्या संख्येने असतो. त्याचा पट्टा छातीच्या मध्यावर तुटलेला असतो, पाय काळपट असतात आणि पिवळे कडे नसते. तुम्ही पाहिलेला पट्टा समोर जुळत होता की दोन्ही बाजूंना थांबत होता, हे आठवून पाहा. सारा निवाडा तेवढ्यावर आहे.

आता मूळ शंका. हे पक्षी वाळवंटावर जगत नाहीत, ते ओल्या काठावर जगतात. अरवलीत अजमेरजवळ उगम पावणारी लुणी नदी थरच्या वाळवंटातून वाहत बालोतऱ्याच्या पुढे खारी होते आणि कच्छच्या रणात संपते. पावसाळ्यानंतर तिच्या पात्रात जी डबकी उरतात, त्यांच्या कडेचा हातभर रुंद चिखल एवढेच या पक्ष्यांचे शेत. पश्चिम आफ्रिकेत सहारा जिथे अटलांटिकला भिडतो, त्या मॉरिटानियाच्या बांक दार्गें या उथळ किनाऱ्यावर हिवाळ्यात सुमारे 20 लाख चिखलपक्षी उतरतात. भोवती गवताची काडी नसली, तरी ओहोटीने उघड्या पडणाऱ्या चिखलात किडे आणि शिंपल्या भरपूर असतात. मिठाचे म्हणाल, तर किनाऱ्यावरील चिखलपक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर क्षारग्रंथी असते. ती रक्तातील जादा मीठ गाळते आणि ते दाट थेंबांच्या रूपाने नाकपुड्यांतून ओघळते. खारपाणपट्टा आहे म्हणून हे पक्षी तुमच्याकडे येतात, असा समज मात्र करून घेऊ नये. तिथे खारे आहे ते प्रामुख्याने भूजल, आणि वैनगंगेच्या गोड्या काठावरही हे पक्षी दिसतात.

निरीक्षणाची वेळ मात्र दोन्हीकडे सारखी धरून चालत नाही. कच्छच्या आखातात पक्षी दिवस-रात्र न पाहता भरती-ओहोटीप्रमाणे चरतो. भरतीच्या वेळी गेलात, तर तो उंचवट्यावर एका पायावर झोपलेला सापडेल आणि ‘इथे काही खात नाही’ अशी चुकीची नोंद होईल. पूर्णेत पाण्याची कड दिवसाला नव्हे, ऋतूला सरकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोह आटतात, किड्यांच्या अळ्या थोड्या पाण्यात दाटतात, आणि चिखल्या चार पावले धावून थबकतो, एक पाय ओल्या रेतीवर थरथरवतो, किडा हलला की टिपतो. हे सकाळच्या तिरप्या उन्हात, बांधाआड बसून, एकदा तरी पाहावेच. माझी विनंती अशी की, आठवड्यातून एकदा पाण्याच्या कडेला खुंटी ठोकावी आणि पक्ष्यांच्या संख्येबरोबर कड मागच्या खुंटीपासून किती पावले हटली, तेही लिहावे. नुसत्या नावांच्या यादीपेक्षा अशी वही कितीतरी मोलाची ठरते.

अंड्यांबाबत : ती वाटाण्याएवढ्या खड्यांत मिसळणारी, कबुतराच्या अंड्याहून लहान आणि टोके आत करून मांडलेली असतील, तर छोट्या कंठेरी चिखल्याची, कबुतराच्या अंड्याएवढी किंवा थोडी मोठी, मातकट आणि ठळक काळ्या डागांची असतील, तर टिटवीची. (टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असे आपल्याकडे म्हणतात, पण ती नदीपात्रापासून शेताच्या बांधापर्यंत कुठेही घालते.) अकोल्याच्या उन्हात उघड्या रेतीवर अंडे टिकते ते पक्ष्याच्या सावलीमुळे, आणि टिटवी तर पाण्यात पोट भिजवून येऊन अंड्यांवर बसते. अरबी किनाऱ्यावरील खेकडेखाऊ चिखलपक्ष्याने वेगळीच वाट काढली आहे : तो रेतीत लांब बीळ खणून आत एकच पांढरे अंडे घालतो. बिळात ते दिसणार नसल्याने त्याला ठिपक्यांची गरज उरत नाही.

म्हणून उन्हाच्या वेळी घरट्याजवळ थांबू नये. पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत दूर पळू लागला, तर आल्या वाटेनेच मागे फिरावे. जागेवर खूण ठेवू नका, कारण खुणेवर कावळे आणि कुत्रीही येतात. नदीपात्रात टरबूज-खरबूज लावणाऱ्या डांगरवाडीवाल्यांना आणि रेती भरणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकांना मात्र ती जागा स्वतः नेऊन दाखवा. चाक दहा हात बाजूने गेले, तरी चार पिल्ले वाचतात.